पाच सेकंदांचा वनवास

नातेवाइकांत मी 'लिनक्सवाला' म्हणून ओळखला जातो. हे कौतुक नाही, हे मला कळतं. पण गेली कित्येक वर्षं मी दिसेल त्याला धरून सांगत आलोय, की लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी माझा कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, मंदावत नाही, अडकत नाही, तिला व्हायरस लागत नाही. त्यामुळे माझ्याच कॉम्प्युटरवर वेबसाइट रखडायला लागल्या तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. सांगणार कोणाला?

त्यात भाचा राहायला आलेला.

"मामा, माझ्या फोनवर तर सुसाट चाललंय. वायफाय तेच आहे ना?"

"फोनचं वेगळं असतं," मी म्हणालो. काय वेगळं असतं ते त्याने विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

दुखणं असं होतं. लिंकवर क्लिक केलं की टॅबवरचं चक्र फिरत राहायचं आणि पान पांढरंफटक. आणि मग एकदम, बांध फुटावा तसं, मजकूर, चित्रं, जाहिराती सगळं धाडकन अंगावर. त्याच साइटचं दुसरं पान उघडावं तर क्षणात हजर. नवी साइट उघडली की पुन्हा वनवास.

पहिला संशय मेमरीवर. टर्मिनलमध्ये 'टॉप' लावून पाहिलं. निम्मी मेमरी रिकामी, प्रोसेसर पेंगतोय. तरीही ब्राउझरमधले त्रेचाळीस टॅब बंद केले. 'नंतर वाचू' म्हणून ठेवलेले होते सगळे. जवळची माणसं गेल्यासारखं वाटलं. मग एक्स्टेन्शन काढली. वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद केलं. जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लावून पाहिला. आयपीव्ही६ बंद केलं, ते का केलं हे मला आजही सांगता येणार नाही. सगळे करतात म्हणून केलं. फरक शून्य.

तिसऱ्या दिवशी लिनक्सवाला खचला की जे करतो ते केलं: डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा आपला अवतारच, बदलायची ठरवली. नव्या डिस्ट्रोची अडीच जीबीची फाइल लावली, आणि ती पठ्ठी पूर्ण वेगात उतरली! नेट मंद आहे म्हणून मी जी फाइल घेत होतो, तिला नेट मंद असल्याचा पत्ताच नव्हता. मी मात्र एवढा मोठा पुरावा समोर असताना पेन ड्राइव्ह शोधत बसलो.

भाच्याने फोनवर स्टॉपवॉच लावलं. "मामा, पाच सेकंद." दुसरी साइट. "पाच." तिसरी. "पाचच."

इथे मात्र मी थबकलो. दमलेलं मशीन इतकं वक्तशीर नसतं. ते कधी चार सेकंद घेईल, कधी अकरा. बरोबर पाच म्हणजे कोणीतरी घड्याळ लावून वाट बघतंय. साइटचं नाव सांगून तिचा आयपी, म्हणजे आकडी, पत्ता नेमसर्व्हर नावाच्या कॉम्प्युटरला विचारायचा, त्याने उत्तर दिलं नाही तर पाच सेकंद थांबायचं आणि मग यादीतल्या पुढच्याला विचारायचं, हा लिनक्सचा मुळातला शिरस्ता. शिवाय दरवेळी सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. आधीचा अपमान मनात ठेवायचा नाही. एकदा मिळालेला पत्ता ब्राउझर थोडा वेळ लक्षात ठेवतो, म्हणून त्याच साइटचं दुसरं पान झटकन यायचं.

नेमसर्व्हरांची ही यादी जिच्यात असते ती 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' फाइल उघडली. पहिल्या ओळीत आमच्या जुन्या इंटरनेट कंपनीचा नेमसर्व्हर. ते कनेक्शन सोडून महिना झाला होता. ग्राहक नसलेल्यांशी तो सर्व्हर बोलत नव्हता, आणि मी प्रत्येक साइटसाठी आधी त्याच्याच दारात पाच सेकंद उभा राहत होतो. दुसऱ्या ओळीत एक सार्वजनिक सर्व्हर, 'असू द्यावा सावधगिरी म्हणून' टाकलेला. या सावधगिरीनेच घात केला. तो नसता तर एकही साइट उघडली नसती आणि दहा मिनिटांत निदान झालं असतं. अर्धवट चालणाऱ्या वस्तूइतकं माणसाला काहीच छळत नाही.

पहिली ओळ खोडली. सेव्ह केलं. 'परवानगी नाही.'

सुडो लावलं, म्हणजे मालकाचे अधिकार उसने घेतले. 'परवानगी नाही.' रूट होऊन पाहिलं, म्हणजे या मशीनचा परमेश्वर होऊन. तरी नाही! भाचा आता खुर्ची ओढून शेजारीच बसला.

'एलएस-अ‍ॅटर' ही फाइलवरच्या खुणा दाखवणारी आज्ञा चालवल्यावर उलगडा झाला. फाइलवर 'आय' खूण होती: इम्यूटेबल. ती काढेपर्यंत रूटलाही त्या फाइलमध्ये अक्षर बदलता येत नाही. आणि ही खूण आपोआप लागत नाही. कोणीतरी रूट होऊन, हाताने लावावी लागते. मग हळूहळू आठवलं. पूर्वी नेटवर्क मॅनेजर, म्हणजे नेटची जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, माझी ही फाइल सारखी स्वतःच्या मनाने लिहायचा, आणि एका रात्री मी चिडून तिला कुलूप घातलं होतं. नवं कनेक्शन आल्यावर तो बिचारा नवा पत्ता घेऊन आलाही असेल. दार बंद.

खूण काढली, ओळ खोडली. पानं उडायला लागली. मी खुर्चीत मागे रेललो, तर भाचा स्क्रीनवर बोट ठेवून फाइलच्या वरची टीप मोठ्याने वाचत होता.

"'नेटचा प्रश्न कायमचा सोडवला आहे. कोणीही हात लावू नये.' मामा, हे कोणी लिहिलंय?"

"व्हायरस असेल," मी म्हणालो.

"पण लिनक्सला तर—"

"झोप आता. उशीर झाला."