सलाइनमधला बुडबुडा आणि शिरेत शिरणारी हवा

‘सलाइनच्या नळीतला एक बुडबुडा शिरेत गेला की हृदय बंद पडतं. बाटली संपली की हवा ओढली जाते. आणि ऑपरेशनमध्ये हवा गेलीच, तर डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही.’ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मेसेजमधली तिन्ही विधानं चुकीची आहेत. तिसरं तर घातकच.

बुडबुड्याचं आधी. प्रौढाच्या जिवावर बेतायला एकदम २०० ते ३०० मिली हवा लागते असं मानतात. अख्ख्या नळीत मावतं सुमारे २० मिली. चुकार बुडबुडा फुप्फुसात अडकून विरतो. मात्र हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेल्या बाळाच्या नळीतला बारीक बुडबुडाही काढलाच पाहिजे, कारण तिथून हवा थेट मेंदूकडे जाऊ शकते.

बाटली संपली तर? हाताच्या शिरेतला दाब हवा आत येऊ देत नाही; पाणी नळीतच थांबतं, कधी उलट रक्त चढतं. खरा धोका धार वाढवायला बाटलीत सिरिंजने हवा भरण्यात आहे. पाणी संपताच ती दाबलेली हवा शिरेत घुसते. हे कुणीही, कितीही घाईत, करू नये.

आता ऑपरेशन. रुग्णाला बसवून मेंदूच्या मागच्या भागाची शस्त्रक्रिया करताना जखम हृदयाच्या वर असते आणि कवटीला चिकटलेल्या शिरा कापल्या तरी मिटत नाहीत, म्हणून हवा ओढली जाते. छातीवर लावलेला डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तातली हवा टिपणारं यंत्र, पाव मिली हवाही पकडतो. तो नसेल तर मॉनिटरवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड अचानक घसरतो, मग बीपी. भूलतज्ज्ञाने त्याच क्षणी मोठ्याने सांगायचं. सर्जन जखम सलाइनने भरतो, ओलं गॉज दाबतो, हाडाच्या कडांना बोन वॅक्स (भेगा बुजवणारं मेण) लावतो. इकडे नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू बंद, कारण तो बुडबुडा फुगवतो. ऑक्सिजन १०० टक्के. मानेच्या शिरा दाबल्या की उघडी शीर रक्त सोडून स्वतःच दिसते. डोकं खाली, सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर तिच्यातून हवा ओढून काढायची, बीपी वाढवणारी औषधं चालू. हृदय थांबलंच तर कूस बदलत बसू नये, लगेच सीपीआर.

वॉर्डातही हे घडतं. मानेतली सेंट्रल लाइन उघडी राहिली, तर १४ गेजच्या (जाड) नळीतून ५ सेंमी पाण्याइतक्या दाबफरकानेही सेकंदाला सुमारे १०० मिली हवा जाऊ शकते. म्हणून ती काढताना रुग्ण खुर्चीत नको. आडवा, डोकं थोडं खाली. श्वास सोडताना नळी ओढायची, जागा लगेच दाबायची आणि हवाबंद पट्टी निदान २४ तास ठेवायची.