गोरट्या, घरी चल

आज दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. विज्ञानपटांचं वावडं असलेल्यांनी खुशाल पुढे सरकावं.

रविवार, बाहेर धो धो पाऊस, भाचा मुक्कामाला. म्हणाला, "मावशी, तुझा तो लाडका यंत्रमानवाचा सिनेमा मिळाला." बघते तर 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' खराच, पण 2008 चा, कियानू रीव्हजवाला. सुमारे आठ कोटी डॉलर ओतलेला. म्हटलं, आता लावलाच आहेस तर बघू. पावणेदोन तास बसले. कांदाभजी गार झाली ती झाली.

मूळचा 1951 चा, रॉबर्ट वाइजचा. तो मी पाहिला गिरगावच्या आमच्या चाळीत, वर्गणी काढून आणलेल्या भाड्याच्या व्हीसीआरवर. दोन हिंदी सिनेमे झाले आणि उत्तररात्री अण्णांनी बोटीवरच्या मामाने आणलेली कॅसेट आत सरकवली. ब्लॅक अँड व्हाइट दिसल्याबरोबर निम्मी चाळ अंथरुणं गुंडाळून उठली. उरलो आम्ही पोरं. अण्णा टीव्हीशेजारी स्टुलावर बसून भाषांतर करायला लागले. अण्णांचं इंग्रजी गिरणीच्या स्टोअरमधलं. बॉबिन, बेल्ट, बेअरिंग. पुढे सबटायटल्ससकट पाहिला तेव्हा कळलं, निम्मे संवाद त्यांनी पदरचे घातले होते!

तर गोर्ट, सिनेमातला यंत्रमानव. आमच्यासाठी गोरट्या. जुन्या सिनेमात तो उडत्या तबकडीपाशी नुसता उभा असतो. हलत नाही, बोलत नाही. आत लॉक मार्टिन नावाचा माणूस होता, साडेसात फुटांहून उंच, हॉलिवूडच्या एका थिएटरचा दरवान. अंगाने इतका अशक्त की नायिकेला उचलायच्या दृश्यात तारांचा आधार घ्यावा लागला. आणि तरी तो उभा राहिला की पोरं अण्णांच्या जवळ सरकायची. नव्या सिनेमात गोर्ट इमारतीएवढा. पुढे त्याचे किडे होतात, ते ट्रक खातात, स्टेडियम खातात. मला काडीची भीती वाटली नाही. भाचा तर मोबाईलवर होता. आणि हो, 'गोर्ट' म्हणे लष्कराने दिलेलं लघुरूप! अरे, नाव आहे ना त्याला? सरकारी फॉर्म कशाला भरताय त्याचा?

मान्य, कियानूचा दगडी चेहरा क्लाटू या परग्रहवासीयाला शोभतो. पर्यावरणाचा विषयही खोटा नाही. झालं, मान्य केलं.

पण मला राग कशाचा आलाय सांगू? नावातच 'थांबणं' आहे आणि हा सिनेमा एक मिनिट थांबत नाही. जुन्यात क्लाटू अर्धा तास जगभरची वीज बंद करतो. गाड्या, कारखाने, लिफ्ट, सगळं ठप्प. फक्त इस्पितळं आणि उडती विमानं सोडून. अण्णांनी तिथे कॅसेट थांबवली होती. "बघितलंत? दम द्यायला आलाय, पण ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाची आठवण ठेवलीय." हे अण्णांचं पदरचं नव्हतं, सिनेमातच होतं. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा मला पहिल्यांदा तोच प्रसंग आठवला. नव्या सिनेमातही शेवटी वीज जाते. सरसकट. इस्पितळांचं काय झालं, विचारायला कोणाला वेळ नाही.

आणि ते हिरे! जुन्यात क्लाटूला नायिकेच्या लहान मुलाबरोबर सिनेमाला जायचंय, खिशात पैसे नाहीत. तो दोन हिरे देतो, पोरगा त्याला दोन डॉलर देतो. वर पोरगा म्हणतो, आईला सांगू नकोस, मी लोकांना फसवलेलं तिला आवडत नाही. अण्णा हसून हसून स्टुलावरून पडायचे बाकी होते. त्या एका प्रसंगाला किती खर्च आला असेल?

शेवटी क्लाटू दमच देतो, सुधारा नाहीतर राख करू, हे मलाही खटकतं. दमदाटीची शांतता ती. पण निदान तो माणसांशी बोलून मग दम देतो.

थोडी शांत झालेय आता. खोटं कशाला बोलू, नव्या सिनेमात एका प्रसंगाला माझे डोळे भरले. त्यातला लहान मुलगा वडिलांच्या कबरीपाशी क्लाटूला सांगतो, यांना परत आण. क्लाटूला ते जमत नाही. अण्णांना जाऊन पाच वर्षं झाली या श्रावणात. भाच्याने विचारलं, "मावशी, रडतेस काय?" म्हटलं, भजीचा कांदा.

'क्लाटू बराडा निक्टो' हे शब्द नव्यातही आहेत म्हणे, मला तर ऐकूच आले नाहीत. जुन्यात नायिका ते गोर्टला म्हणते आणि तो विध्वंस थांबवतो. त्यांचा अर्थ सिनेमा सांगतच नाही. अण्णांनी मात्र ताबडतोब सांगितला होता: "गोरट्या, घरी चल, पानं वाढलीत." पुढे वर्षभर चाळीतल्या आया गॅलरीतून पोरांना याच हाकेने बोलवायच्या.

ती कॅसेट अजून आहे माझ्याकडे, माळ्यावर. थोडी बुरशी धरलीय. मुलुंड-भांडुपकडे कोणाकडे चालू व्हीसीआर असेल तर कळवा. विकत नको, एका संध्याकाळपुरता. भाचा बुधवारपर्यंत आहे.