हेन्रीच्या नावावर खपलेलं गाणं

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत तोच वाद, अमुक अभंग खरंच तुकोबांचा की मागाहून कोणी 'तुका म्हणे' चिकटवलं, आणि त्यात एकाने अक्कल पाजळली की इंग्रजांकडे बघा, आठव्या हेन्री राजाने प्रेयसी अ‍ॅन बोलिनसाठी 'ग्रीनस्लीव्ह्ज' हे गाणं लिहिलं याचीसुद्धा त्यांच्याकडे नोंद, आपल्याकडे कसलीच नाही.

अरे कसली नोंद? नोंद आहे ती १५८० ची, लंडनच्या स्टेशनर्स कंपनीच्या, म्हणजे छापखानेवाल्यांच्या संघाच्या वहीत, रिचर्ड जोन्स नावाच्या छापखानेवाल्याची. हेन्री १५४७ लाच गेला. उन्हाळ्यात इथे ब्रिटनमध्ये आमच्या गल्लीत आइस्क्रीमची व्हॅन तीच चाल वाजवत येते, कोणाला पडलंय कोणाची ते.

बरं, हेन्री गाणी करायचा हे खरं. ब्रिटिश लायब्ररीत १५१८ च्या आसपासचं हस्तलिखित आहे, शंभरावर रचना, पैकी ३३ वर राजाचं नाव. पण त्यातल्याही काही मुळात युरोपातून आलेल्या, महाराजांनी त्यात थोडी भर घातली एवढंच. दरबारात विल्यम कॉर्निशसारखे मुरलेले संगीतकार पगारावर होते, पण राजाला कोण सांगणार की ही चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते?

१९८१ ला डायना चर्चमध्ये शिरली तेव्हा जे ट्रम्पेट वाजलं तेही कित्येक वर्षं पर्सेल या संगीतकाराच्या नावावर खपत होतं, निघालं जेरमाया क्लार्कचं. आपल्याकडे निदान भांडतात तरी. यांच्या राष्ट्रगीताचाच कर्ता पक्का नाही, १७४५ ला लंडनच्या नाटकगृहात गाजलं, कोणी जॉन बुल नावाचा संगीतकार म्हणतो कोणी हेन्री केरी. नागरिकत्वाच्या कार्यक्रमात मीपण उभं राहून म्हटलं ते, चांगलं खड्या आवाजात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर उत्तर काय, "तू आता तिकडचाच, तुला काय अभंगाचं." डोकंच फिरलं. रात्री दोन वाजेपर्यंत टाइप करत बसलो, सकाळी ऑफिस असून.

आणि गंमत बघा, ख्रिसमसला ऑफिसातल्या एकाने ग्रीनस्लीव्ह्जच्याच चालीवरचं कॅरल लागल्यावर मला कौतुकाने सांगितलेलं, ही चाल आमच्या हेन्रीची बरं का. मी म्हटलं, हो का, छानच आहे. त्याचं खोडून काढायला जीभच रेटली नाही, त्यांच्या घरचं आहे, आपण कशाला बोला. ग्रुपवरच्या त्या गाढवाला मात्र अजून दोन मेसेज पाठवायचेत.