आखूडशिंगी, बहुदुधी जहाज

आखूडशिंगी, बहुदुधी आणि वरून स्वस्त गाय शोधणारी माणसं हल्ली क्रूझ शोधू लागली आहेत. विदर्भातल्या पुलगाव-आर्वीच्या पट्ट्यातून मुंबईचा समुद्र रेल्वेने सातशे किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे इकडे या विषयावर कोणीही मत देऊ शकतं, खोडून काढायला समुद्र येत नाही. एक पार्टी म्हणते, ‘जायचंच तं एकदाच जा ना बावा, दहा-बारा रात्री, पोटभर.’ दुसरी म्हणते, ‘काहून? दोन-दोन रात्रीच्या तीन करा. पहिली नाही पटली तं बाकीच्या रद्द.’ दुसऱ्या पार्टीचं म्हणणं पारावर लय पटतं. वहीवर मांडलं की पटत नाही.

माझा हिशेब साधा आहे. जहाजावरच्या रात्री मोजायच्याच नाहीत. अंगणातून निघून अंगणात परत येईपर्यंतचे दिवस मोजायचे. मुंबईहून निघून मुंबईलाच येणारी दोन रात्रींची सफर घ्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी पुलगावहून विदर्भ एक्स्प्रेस. दुसऱ्या दिवशी सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर हा जहाजांचा धक्का, रांगा, सामानाची तपासणी आणि दुपारनंतर जहाज. तिसरा दिवस पूर्ण पाण्यावर. चौथ्या दिवशी सकाळी न्याहारी होते ना होते तोच खोली रिकामी करा म्हणतात. मग दिवसभर बॅग घेऊन मुंबई, रात्री गाडी, पाचव्या दिवशी घर. म्हणजे पाच दिवसांत अख्खा दिवस मिळाला एक. अशा तीन सफरी म्हणजे पंधरा दिवस मोडून तीन अख्खे दिवस. त्याऐवजी पाच रात्रींची एकच घेतली तर आठ दिवसांत चार. आणि बारा रात्रींची घेतली तर त्याच पंधरा दिवसांत अकरा!

यात गाडी वेळेवर येईल असं धरलं आहे, हा हिशेबातला सगळ्यात मोठा विनोद. एसटीचा कंडक्टर ओळखीचा असला तर तुम्ही धावत येताना दिसल्यावर घंटी मारत नाही. जहाजात चढण्याची वेळ मात्र सुटण्याच्या तास-दीड तास आधीच संपते, आणि मग गाडी भुसावळला थांबली होती हे तिथे कोणाला सांगता येत नाही. पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून शहाणा माणूस आदल्या दिवशीच मुंबई गाठतो. तो दिवस मिळवा: पाचाचे सहा, पंधराचे अठरा. लांब सफरीला हा दंड एकदाच पडतो. शिवाय रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि जहाज त्याच्या कितीतरी आधी भरतं. म्हणजे आधी जहाज पक्कं करायचं, मग देवाचं नाव घेऊन बर्थ शोधायचा. एका सफरीत हे दोनदा, तीन सफरींत सहादा.

मग बारा रात्रींचीच का घेऊ नये? दोन कारणं. एक, इतक्या लांब सफरींची जहाजं बहुधा परदेशातल्या बंदरांतून निघतात. त्याला पासपोर्ट लागतो, त्यावर किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते आणि व्हिसात एक गंमत असते. जहाज दुसऱ्या देशाला टेकून पहिल्या बंदरात परत आलं की तो त्या देशातला दुसरा प्रवेश धरतात. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर चढतानाच अडवतात.

दुसरं कारण गोठ्यात बांधलेलं आहे.

म्हैस ओळखीच्या हाताला दूध देते. हात बदलला की पान्हा चोरते. सोयऱ्याला बसवून गेलात तर पहिले दोन दिवस बादलीचा तळ दिसतो, मग सरकी-ढेप, कुरवाळणं आणि सोयऱ्याच्या तोंडच्या शिव्या यांची सवय होऊन ती हळूहळू मोकळी होते. तीन आखूड सफरींत दर वेळी ती रुळायच्या बेताला येते आणि तुम्ही परत येता. तुमच्यावरचा राग ती पुढचे दोन दिवस काढते, तो वेगळा. पाच रात्रींत तिचंही जमतं, सोयऱ्याचंही. पंधरा दिवसांत मात्र तिचं सोयऱ्याशी इतकं जमतं की परत आल्यावर पाहुणे तुम्हीच. आणि सोयरा? एकदा विचारलं तर हसत येतो. त्याच हंगामात तिसऱ्यांदा विचारलं तर त्याचा फोन लागत नाही.

अगदी हेच माणसाच्या कानात घडतं. समुद्र लागतो तो पोटात नाही, कानात. आतल्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं, डोलतोय. बिनखिडकीच्या खोलीतले डोळे म्हणतात, भिंत तर जागच्या जागी आहे. या भांडणात मेंदू निकाल देत नाही, शिक्षा पोटाला होते. बऱ्याच जणांना याची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे दोन रात्रींच्या सफरीत ज्या घटकेला तुम्ही माणसात येता, त्या घटकेला जहाज धक्क्याला लागतं. पुढच्या महिन्यात कान पुन्हा पहिलीत.

म्हणून खोली निवडताना सजावट बघू नका, जागा बघा. बंडीत मागच्या टोकाला बसलेला जास्त उसळतो आणि चाकाजवळ बसलेला कमी, जहाजाचंही तसंच. लांबीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात कमी हलते आणि वरच्या टोकाच्या खोलीपेक्षा बहुधा स्वस्तही असते. गोळी घ्यायची तर जहाज हलण्याच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच समुद्रार्पण. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. उपाशी राहू नका, कोरडं आणि थोडं खा, आल्याचा तुकडा चघळा, आणि मळमळलं की खोलीत पडून न राहता उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघा. मोबाइलकडे बघू नका. तो सोयाबीनचे भाव दाखवील अशी आशाही नको: किनारा दूर गेला की नेटवर्क जातं आणि जहाजाचं इंटरनेट उपग्रहावरून, वेगळ्या पैशांचं. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर तो परस्पर जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी वाट बघत बसतं.

पैशाचं म्हणाल तर जाहिरातीतला आकडा नेहमी ‘पासून’ असतो. तो आकडा बिनखिडकीच्या खोलीचा, माणशी, आणि खोलीत दोघं आहेत असं धरून. एकटा गेलात तर जवळजवळ दोघांचे भरता. त्यावर बंदराचे आकार, कर, आणि कित्येक जहाजांवर माणशी दर रात्रीची टिप. वर सगळी खरेदी खोलीच्या चावीच्या कार्डावर चढते. कार्ड दाखवायचं आणि सरबत उचलायचं. इकडच्या माणसाला हे नवीन नाही. किराण्याच्या दुकानात वर्षभर असंच चालतं. फरक एवढाच की किराणेवाला कापूस विकेपर्यंत थांबतो, जहाजवाला शेवटच्या सकाळपर्यंतच.

चढल्या चढल्या भोंगा होतो: सात छोटे आणि एक लांब. हा जिनिंगचा भोंगा नव्हे, संकटाची खूण आहे. तो ऐकला की ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधतात ते शिकायचं. हे टाळता येत नाही आणि टाळूही नये. तीन सफरी केल्यात तर तीनदा.

घरचं खाणं बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. पॅकबंद कंपनीचं चालतं. आईच्या हातची जवसाची चटणी तपासणीच्या टेबलावरच राहते. इस्त्री, किटली, उदबत्ती यांनाही बंदी, कारण पाण्याच्या मधोमध जहाज सगळ्यात जास्त आगीला भितं. बुफे मात्र अफाट असतो आणि तो बहुतेक वेळ उघडाच असतो. पहिले दोन दिवस माणूस लग्नात आल्यासारखा खातो. चौथ्या दिवशी जीभ पाटोडीचा रस्सा मागते. पाचव्या दिवशी ठेचा मागते आणि आचारी टोमॅटो सॉस पुढे करतो. बारा रात्री नकोत म्हणायला मला तर एवढंही पुरे.

उरला प्रश्न केव्हा जायचं. पश्चिम किनाऱ्यावर जहाजांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र कोणाचं ऐकत नाही. आणि नेमक्या जहाजांच्या हंगामात वावरही कोणाचं ऐकत नाही. सोयाबीन, मग कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी, हरभरा, आणि मे महिना तर लग्नांनीच खाल्लेला. एवढ्यात पाच-पाच दिवसांच्या तीन फटी काढणारा कास्तकार मी अजून पाहिला नाही. उलंगवाडी होऊन, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटपून, हरभरा घरात आला की मात्र आठ-नऊ दिवसांची एक सलग फट निघते. ती पाडव्याच्या आधीच वापरावी. पाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल संपतं, आणि नवा सालदार ठरेपर्यंत रात्री वावरात जागलीला कोण जाणार आणि रोही, म्हणजे नीलगायी, कोण हाकलणार? म्हणून माझं मत पाच रात्रींच्या एकाच सफरीला.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या रात्रीतून उचलून नेतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा. सगळं भरून ठेवणारे दर सफरीत दोन-चार निघतातच, आणि मग ते लुंगीवर मुंबईत उतरतात.

एक शेवटचं. सवय झालेला कान जमिनीवर आल्यावरही एक-दोन दिवस डोलत राहतो. पायाखालचा प्लॅटफॉर्म हलतोय असं वाटतं, पावलं तिरकी पडतात. पुलगाव स्टेशन वर्धा जिल्ह्यात, आणि जिल्हा दारूबंदीचा. तेव्हा जहाजाचं कार्ड फेकू नका, वरच्या खिशात दिसेल असं ठेवा. ओळखीचा ऑटोवाला तेही उलटसुलट करून बघेल, जवळ येऊन एकदा वास घेईल, आणि मगच बॅग उचलेल.