आयजीई नॉर्मल, म्हणून आयजीजी करायचं? धुळीच्या अ‍ॅलर्जीवरच्या मेसेजला उत्तर

सध्या फिरत असलेला मेसेज थोडक्यात असा: ‘एकूण आयजीई नॉर्मल आलं, तर धुळीतल्या माइटची अ‍ॅलर्जी नाही. तरी त्रास होतोय, तर ती छुपी अ‍ॅलर्जी. ती आयजीजी पॅनेलमध्ये किंवा पेशींच्या चाचणीत पक्की सापडते. तपासणीआधी आठवडाभर सगळी औषधं बंद ठेवा.’ आयजीई या अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडाशिवायही माइटचा (धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जीवाचा) त्रास होऊ शकतो, एवढं यात खरं आहे. बाकीचं तपासून पाहू.

‘एकूण आयजीई नॉर्मल, तर माइटची अ‍ॅलर्जी नाही’

एकूण आयजीई ही रक्तातल्या सगळ्या आयजीईची बेरीज. त्यात माइटविरुद्धचं किती, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. त्यासाठी माइटचं विशिष्ट आयजीई मागावं लागतं. नेहमीची सीमा 0.35 केयू (मोजमापाचं एकक) प्रति लिटर; तेवढं किंवा जास्त आलं, तर पॉझिटिव्ह. किंवा प्रिक टेस्ट, म्हणजे त्वचेवर माइटच्या अर्काचा थेंब ठेवून हलकं टोचणं: 15 ते 20 मिनिटांनी उठलेली गांध निगेटिव्ह कंट्रोलपेक्षा (अर्काविना टोचलेल्या जागेपेक्षा) किमान 3 मिमी मोठी हवी. दमट हवेच्या गावात राहत असाल, तर ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस हा माइट यादीत आहे का, तेही विचारा.

काही जणांत आयजीई फक्त नाकाच्या अस्तरात असतं; रक्त आणि त्वचा दोन्ही निगेटिव्ह. तिथे आधी सलाइन आणि मग माइटचा अर्क नाकात फवारून श्वासाचा प्रवाह मोजतात. दमा आटोक्यात नसेल तर ही चाचणी करायची नाही.

‘छुपी अ‍ॅलर्जी आयजीजीत सापडते’

नाही सापडत. आयजीजी हे आयजीईहून वेगळं प्रतिपिंड, म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी गाठ पडल्याची नोंद. गादीतल्या माइटशी आपली गाठ रोज रात्री पडते. माइटच्या इंजेक्शनांचा कोर्स घेणाऱ्यांत तर आयजीजी-4 (आयजीजीचाच एक प्रकार) वाढतं, आणि त्याच काळात त्रास कमी होत जातो. या पॅनेलवर पैसे घालवू नका.

‘पेशींच्या चाचणीत पक्कं निदान होतं’

इथे जरा थांबायला हवं, कारण ही चाचणी खोटी नाही. तिच्याकडून मागितलेलं उत्तर तिला देता येत नाही. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घेतलेल्या रक्तातून लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढतात, माइटच्या अर्कासोबत 37 अंशांवर पाच ते सात दिवस वाढवतात आणि त्या अर्काविना वाढवलेल्या पेशींच्या किती पट वाढल्या ते मोजतात. पेशी जिवंत हव्यात. नळी फ्रिजमध्ये राहिली किंवा कुरिअरमध्ये दोन दिवस पडली, तर निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ उरत नाही. उलट बाजूही आहे: अर्कात बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन असलं, तर पेशी त्यानेच चेकाळतात. आणि निरोगी माणसाच्या पेशीही माइटला ओळखतात. म्हणून पॉझिटिव्ह आलं तरी त्रास माइटमुळेच आहे असं ठरत नाही.

इसब असलेल्यांत, विशेषतः चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर इसब असेल आणि प्रिक निगेटिव्ह असेल, तर अ‍ॅटोपी पॅच टेस्ट जास्त कामाची. व्हॅसलीनसारख्या मलमात कालवलेला माइटचा अर्क छोट्या चकतीत भरून पाठीच्या वरच्या, इसब नसलेल्या त्वचेवर 48 तास चिकटवतात. शेजारी नुसत्या मलमाची चकती हवीच. चकत्या काढल्यावर एकदा आणि 72 तासांनी पुन्हा पाहतात. नुसती लाली धरत नाहीत; बोट फिरवल्यावर त्वचा जाडसर लागली, बारीक पुरळ उठलं, तर पॉझिटिव्ह. मे महिन्यात घामाने पट्टीची कड सुटते, अर्क त्वचेला लागतच नाही, आणि रिपोर्ट मात्र ‘निगेटिव्ह’ येतो. दोन दिवस पाठ कोरडी ठेवता येईल असा हंगाम निवडा. अर्काचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे याही रिपोर्टची सांगड लक्षणांशी घालावीच लागते.

‘आठवडाभर सगळी औषधं बंद’

मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच. रक्तातल्या आयजीईसाठी कोणतंच औषध थांबवायचं नसतं. प्रिकआधी अँटिहिस्टामिन साधारण पाच ते सात दिवस बंद. पॅचसाठी पाठीवरचं स्टिरॉइड मलम आठवडाभर बंद. पोटात घेतलेल्या स्टिरॉइडमुळे पॅच आणि पेशींची चाचणी दोन्ही दबू शकतात. पण ती गोळी एकदम सोडायची नाही, डोस कमी करायचा की चाचणी पुढे ढकलायची हे डॉक्टर ठरवतील. दम्याचा रोजचा पंप मात्र यांपैकी रक्त, प्रिक किंवा पॅच कशासाठीच थांबवायचा नाही. मेसेज वाचून कुणी तो थांबवला असेल, तर आजच पुन्हा सुरू करायला सांगा.