रीरिलीज आला की जुन्या गेमचा भाव पडतो का? जालनेकर भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

जालनेकर भाऊ, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, खरं सांगतो आधी जरा डोकंच तापलं, मग जेवून आलो नि परत वाचली तर त्यातलं निम्मं पटायला लागलं. म्हणून दोन ओळींत "मताचा आदर आहे" टाकून मोकळं होण्यापेक्षा सविस्तरच लिहितो.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगतो. मागच्या लेखात मी ठोकून दिलं होतं की जुना दुर्मिळ गेम कंपनीनं नव्यानं बाजारात आणला, म्हणजे रीरिलीज केला, तरी मूळ कॅसेटच्या किंवा डिस्कच्या भावाला काही फरक पडत नाही. भाऊंचं म्हणणं असं की हे साफ चूक आहे, त्यांच्या मावसभावानं २००८ साली अमेरिकेतून फायनल फँटसी सेव्हनची डिस्क शंभर डॉलर मोजून आणली, पुढच्याच वर्षी तो गेम प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवर दहा डॉलरला आला आणि मग त्या डिस्कला कुत्रं विचारीना. वर त्यांनी मला सोयाबीन गोदामात दाबून भाव वाढायची वाट बघणाऱ्या व्यापाऱ्याच्या रांगेत बसवलंय, आणि शेवटी विचारलंय की आपण मराठवाड्यातली पोरं जन्मभर डुप्लिकेट कॅसेटवर खेळलो, आपल्याला ओरिजिनलचं एवढं कौतुक कामून?

पहिला मुद्दा मान्य. "काही फरक पडत नाही" हे वाक्य मी उगाच जोरात लिहिलं, ते मागं घेतो. फरक पडतो. पण सगळ्या गेमला सारखा पडत नाही, आणि का पडत नाही तिथंच खरी मजा आहे.

बघा, जुन्या गेमला दोन प्रकारचं गिऱ्हाईक असतंय. एक ज्याला तो गेम खेळायचाय, दुसरं ज्याला तो गेम कपाटात ठेवायचाय. दोघं एकाच दुकानात एकाच डिस्कवर बोली लावतात म्हणून आपल्याला तो एकच भाव दिसतो, पण आतून ते दोन भाव एकमेकांवर रचलेले असतात. रीरिलीज आला की खेळणारं गिऱ्हाईक उठून जातं, कारण त्याचं काम दहा डॉलरमध्ये झालं. मागं उरतं ते ठेवणारं गिऱ्हाईक. आता तुमच्या मावसभावाची डिस्क घ्या. फायनल फँटसी सेव्हन १९९७ चा, जगभरात कोटीच्या आसपास प्रती खपलेला गेम, तो दुर्मिळ कधी नव्हताच हो! मधल्या काळात दुकानातून गेला होता आणि लोकांना खेळायचा होता, एवढ्यामुळंच भाव चढला होता. म्हणजे त्या शंभरातला मोठा हिस्सा खेळणाऱ्यांचा होता, ते उठून गेले आणि भाव धपकन बसला. जुने कलेक्टरही भाव कसा पडतो हे सांगताना हेच उदाहरण देतात. तुमच्या मावसभावाची चूक नाही, फक्त वेळ वाईट.

आता उलटं बघा. स्टेडियम इव्हेंट्स नावाचा एक गेम आहे, पायाखाली चटई टाकून त्यावर पळायचं, की टीव्हीतला माणूस पळतो. बँडाई कंपनीनं तो १९८७ साली अमेरिकेत निन्टेन्डोच्या एनईएस या गेम मशीनसाठी आणला. मग त्या चटईचे हक्क निन्टेन्डोनंच विकत घेतले, दुकानातला माल परत उचलला आणि पुढच्या वर्षी तोच गेम वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट या नावानं पुन्हा काढला. पुढं तर मारिओ आणि डक हंट यांच्याबरोबर एकाच कॅसेटमध्ये टाकून चटईसोबत घरोघर पोचवला. बघा, थ्री इन वन कॅसेट खुद्द निन्टेन्डोनंच काढली होती, आपल्या सिक्स्टी-फोर इन वनला उगाच नावं ठेवतात लोक.

तर खेळ तोच, चटई तीच, पळणारा माणूसही तोच. यापेक्षा जास्त रीरिलीज काय असणार? वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट अमेरिकेत भंगाराच्या टोपलीत सापडतो. आणि स्टेडियम इव्हेंट्सची सीलबंद प्रत २०१० साली ४१,३०० डॉलरला गेली. २०१३ मध्ये एका बाईला तो जुन्या वस्तूंच्या दुकानात आठ डॉलरला सापडला, तिनं तो पुढं पंचवीस हजार डॉलरच्या घरात विकला. आणखी गंमत म्हणजे स्टेडियम इव्हेंट्स हेच नाव छापलेली युरोपातली प्रत त्या मानानं कितीतरी स्वस्त मिळते. म्हणजे खेळाला किंमत नाही आणि नावालाही नाही, ती अमेरिकेतल्या त्या परत उचललेल्या मालातून निसटलेल्या मोजक्या कॅसेटला आहे. इथं खेळणारं गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासूनच नव्हतं, मग उठून कोण जाणार?

तुमचं ते सोयाबीनचं इथंच फिसकटतं बघा. बाहेरून तेल जास्त आलं की लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन बसतं, ते बरोबर, कारण तेल गाळणाऱ्याला दाणा औशाचा आहे का ब्राझीलचा याच्याशी घेणंदेणं नसतंय, त्याला ओलावा बघायचाय आणि वजन बघायचंय. खेळणारं गिऱ्हाईक तसंच आहे. कपाटवाला मात्र कोणत्या वर्षीची, कोणत्या देशातली, मॅन्युअल आहे का, डबा दबलाय का, मागचं स्टिकर कुणी उचकटलंय का, असं लग्नाच्या पाहुण्यासारखं बघतो. त्याच्यासाठी नवा माल हा त्याच मालाची आवकच नसते.

सुपर मारिओ ६४ तर माझ्या मागच्या लेखात यायलाच पाहिजे होता, राहिला. १९९६ चा गेम, २००४ मध्ये निन्टेन्डोच्याच डीएस मशीनवर आला, २००६ मध्ये त्यांच्या वीवर, २०२० मध्ये स्विचवर, म्हणजे ज्याला खेळायचा त्यानं कधीही खेळावा. आणि २०२१ च्या जुलैमध्ये त्याची एक सीलबंद प्रत पंधरा लाख साठ हजार डॉलरला गेली. त्या काळातल्या लिलावांवर संशय घेणारे पुष्कळ आहेत आणि मलाही तो आकडा पचत नाही, पण तो भाग सोडा. सील फोडून कोणी तो खेळणार नव्हतं. तोच गेम नुसती कॅसेट म्हणून घ्यायला गेलात तर सहज परवडेल अशा भावात मिळतो.

रीरिलीजमुळं मूळ प्रतीची मागणी टिकून राहते असाही एक प्रकार आहे, तो म्हणजे नवीन माल जुन्यासारखा नसतो तेव्हा. व्हाइस सिटी तर आपल्यातल्या प्रत्येकानं सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून खेळलेला. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांमधून रेडिओवरची काही गाणी गळाली, लायसन्स संपलं म्हणून. २०२१ मध्ये नवी डेफिनिटिव्ह एडिशन आली ती इतकी गडबडलेली होती की कंपनीलाच माफी मागावी लागली, आणि ती आणताना जुनी आवृत्ती ऑनलाइन दुकानातून काढून टाकली होती. ओरड झाल्यावर पीसीवाल्यांना परत दिली. त्या आठवड्यात जुनी डिस्क घरात असलेला माणूस काय ऐटीत फिरला असंल! क्रेझी टॅक्सीचंही तसंच, २०१० च्या रीरिलीजमध्ये मूळची गाणी नाहीत आणि ज्या हॉटेलांसमोर गिऱ्हाईक सोडायचो त्यांच्या खऱ्या पाट्याही नाहीत.

आता साठेबाजीचा आरोप. हा मला लागला, कारण त्यात खोटं काही नाही.

माझ्याकडं पोकेमॉन क्रिस्टलची कॅसेट आहे, ओरिजिनल, डबा नाही, लेबलचा एक कोपरा उडालेला. २०१८ च्या जानेवारीत तो गेम निन्टेन्डोच्या ३डीएस या हातात धरायच्या मशीनच्या ऑनलाइन दुकानात आला. बातमी वाचली तेव्हा पोटात गोळा आला, आणि मग त्या गोळ्याचीच लाज वाटली. जगातल्या हजारो पोरांना एक चांगला गेम स्वस्तात मिळणार आणि मी परभणीत बसून माझ्या फाटक्या लेबलचं काय होणार याची काळजी करतोय! बरं, ती नवी आवृत्ती माझ्या कॅसेटपेक्षा चांगली निघाली. मूळ गेममध्ये सेलेबी नावाचा दुर्मिळ पोकेमॉन पकडायचा प्रसंग फक्त जपानातल्या लोकांना मिळाला होता, तो ३डीएसवर सगळ्यांना दिला. माझ्या कॅसेटमध्ये तर आतला सेल मेला की सेव्हच जातो, मग खोलायची, जुना सेल कापायचा, नवीन डागायचा. मी ते एकदा केलंय, सोल्डरिंग गन आमच्याकडच्या एका मोबाइल रिपेअरवाल्याची, त्यानं "ह्याच्यात काय एवढं?" असं तीन वेळा विचारलं.

पुढं २०२३ च्या २७ मार्चला ते ३डीएसचं दुकानच बंद झालं. ज्यांनी घेतला त्यांचा राहिला, नव्या माणसाला दार बंद. माझा फाटक्या लेबलवाला क्रिस्टल होता तिथंच आहे. म्हणून म्हणतो की डाउनलोडवर आलेला गेम कायमचा आला असं धरून चालू नका. सुपर मारिओ ३डी ऑल-स्टार्स हा जुन्या मारिओ गेमचा स्विचवरचा संच तर निन्टेन्डोनं सांगूनच काढला की २०२१ च्या मार्चअखेरपर्यंतच विकणार. म्हणजे रीरिलीजच कलेक्टरचा माल!

पण म्हणून रीरिलीज नको असं मी कधीच म्हटलेलं नाही, तेवढं माझ्या तोंडी घालू नका. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये हिशोब काढला तर २०१० आधी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गानं विकतच मिळत नाहीत. पँझर ड्रॅगून सागा घ्या, सेगा कंपनीच्या सॅटर्न मशीनचा १९९८ चा, चार डिस्कचा गेम, सोर्स कोड म्हणजे मूळ प्रोग्रॅमच हरवलेला, आजपर्यंत परत आला नाही, आणि मूळ प्रत घ्यायची तर महिन्याचा पगार जातोय. उद्या तो आला आणि माझ्यासारख्याच्या कपाटातल्या मालाचा भाव निम्मा झाला तरी चालंल मला. (माझ्याकडं तो नाही, म्हणून मोठ्या मनानं बोलायलोय, हेही नोंदवा.)

राहिला मराठवाड्याचा मुद्दा, आणि इथं मात्र मी तुमच्याशी भांडणार. डुप्लिकेटवर खेळलो म्हणूनच आपल्याला ओरिजिनल कळतं. आमच्याकडं पिवळ्या रंगाची ९९९९९९९ इन वन होती, खरे गेम चार-पाच, बाकी तेच नाव बदलून परत परत. लोडशेडिंगच्या काळात कॉन्ट्राच्या शेवटच्या बॉसपर्यंत यायचं आणि बरोबर तिथं लाइट जायची, सेव्ह वगैरे प्रकारच नाही. एकदा ती कॅसेट चालंना म्हणून मी स्क्रू काढून उघडली तर आत तळहाताएवढ्या डब्यात बोटाएवढं सर्किट आणि त्याच्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा गोळा, बास. चिप दिसत नाही, नंबर नाही, कोणी बनवली ते नाही. तो काळा थेंब मी अजून विसरलो नाही.

त्याच अनुभवावर मी पुढं एकदा फसलोही, ते ऐका. ऑनलाइन एकाकडून पोकेमॉन एमराल्ड घेतला, हिरवी पारदर्शक कॅसेट, फोटोत झकास. हातात आल्यावर खालच्या पट्टीतून बघितलं तर सोनेरी दातांच्या वर बोर्डवर निन्टेन्डो छापलेलं असतंय ते नाही. लेबलवर तिरकं धरलं की दोन आकडे दाबलेले दिसतात, ते नाहीत. हिरव्यातून आत बघितलं तर सेलच नाही आणि तो काळा थेंब, तोच! परभणीहून निघाला नि फिरून परत माझ्याकडंच आला. दोन दिवस खेळलो, तिसऱ्या दिवशी सेव्ह उडाला. ज्या गेमला मागणी आहे आणि खेळायला सोपा मार्ग नाही तिथं हे डुप्लिकेटवाले येणारच, रीरिलीजनं यांचं तरी कंबरडं मोडतं, हा मुद्दा तुम्ही मांडायला पाहिजे होता.

आणि आपल्याकडं दुर्मिळ काहीच नाही असंही नाही हो. हनुमान: बॉय वॉरियर, २००९ चा, भारतात तयार झालेला पीएस२ चा, म्हणजे प्लेस्टेशन २ चा, पहिला गेम. खेळायला कसा आहे विचारू नका. पण परत कोणी काढला नाही आणि काढणारही नाही असं दिसतंय, तेव्हा कुठं जुन्या सीडीच्या ढिगाऱ्यात दिसला तर सोडू नका.

आता तुमच्या मावसभावाच्या डिस्कचं. ती अजून घरात आहे असं तुम्ही लिहिलंय. रागानं भंगारात घालू नका, आधी डब्याच्या कडेची पट्टी काळी आहे का हिरवी ते बघा. हिरवी म्हणजे नंतरची स्वस्तातली छपाई, तीही एक रीरिलीजच, तिला कमी मिळतात. काळी असली तर डबा उलटा करा आणि मागच्या मजकुरात मास्टरपीस हा शब्द शोधा. पहिल्या छपाईत त्याच्या स्पेलिंगमध्ये आय आणि ई उलटेसुलटे पडलेत, पुढं चूक सुधारली. चुकीची असली तर कलेक्टर दोन पैसे जास्त देतो. आज रात्री बघून सांगा, फोटो जरा उजेडात काढा, आणि तीन डिस्क आहेत का तेही मोजा.