ऐकीव आहे, म्हणे!

आज सकाळी इथल्या मराठी मंडळींच्या गटात कुणीतरी आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातल्या ग्लेनव्हे किल्ल्याचे छायाचित्र टाकून खाली 'परीकथेतला वाडा' असे लिहिले. न राहवून मी तिथे शिळेची गोष्ट सांगितली, तर एका गृहस्थांनी 'हे सारे ऐकीव आहे' असे म्हणून मला गप्प केले.

ती गोष्ट मला लेटरकेनीला आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी बटाटे सोलता सोलता सांगितली होती. किल्ला बांधणारा जमीनदार जॉन जॉर्ज अडेअर १८८५ मध्ये वारल्यावर त्याच्या पत्नीने तळ्याकाठच्या एका शिळेवर त्याचे नाव आणि 'न्यायी व उदार' असे शब्द कोरून घेतले. पुढे एका वादळात त्या शिळेवर वीज पडली आणि तिचे तुकडे तळ्यात गेले. 'उदार' म्हणताना आजींची सुरी थांबली होती.

हा उदार माणूस काय करून गेला? त्याची मेंढरे मेली, त्याच्या कारभाऱ्याचा खून झाला, खुनी सापडला नाही. म्हणून एप्रिल १८६१ मध्ये, पोलिसांच्या पहाऱ्यात, तीन दिवसांत त्याने आपल्या कुळांच्या ४७ कुटुंबांतील २४४ माणसांना घराबाहेर काढले. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. सुरुवात झाली ती साठीच्या एका विधवेपासून, जिच्या घरात सहा मुली आणि एक मुलगा होता. अशा वेळी चुलीतला विस्तव विझवत आणि छप्पर उतरवत, म्हणजे रात्री कुणी परत शिरायला नको. पुढे यांतली बरीच तरुण मंडळी ऑस्ट्रेलियाला गेली. खून कुणी केला हे ठरलेच नव्हते, तरी शिक्षा मात्र सबंध खोऱ्याला!

वीज खरोखर पडली की नाही यावर मी भांडणार नाही, आणि सगळेच जमीनदार असे नव्हते हेही मान्य आहे. पण मग ऐकीव नसलेले काय, तर जमीनदाराच्या खंडाच्या वह्या? कुळांच्या वह्या कुठे असतात? आयर्लंडमध्ये निदान १९३७ ते १९३९ या काळात शाळेतल्या मुलांना घरी पाठवून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून अशा आठवणी लिहून आणायला सांगितले होते. आपल्याकडे कूळकायदा आला, पण त्याआधी आजोबांना कुणी कसे हुसकावले हे किती घरांत लिहून ठेवले आहे? माझ्या घरात तरी नाही, म्हणून कदाचित मी इतका चिडलो असेन.

त्या गृहस्थांचा मूळ राग माझ्यावर नसावा. सुट्टीत सुंदर जागी जाऊन आल्यावर कुणी असे बोलले की वाईट वाटतेच. तो किल्ला सुंदर आहे, बागही सुंदर आहे. आजींना मात्र आम्ही एकदा गाडीतून तिकडे नेले, तेव्हा त्या तळ्यापर्यंतच आल्या, किल्ल्यात आल्या नाहीत; आम्ही परतेपर्यंत थर्मासमधला चहा घेत त्या पाण्याकडे पाहत बसून राहिल्या होत्या.